घाट, खिंड आणि ‘ला’

‘घाट’ हा शब्द आपल्या हैदराबादेत जपून वापरावा लागतो. हिंदी-उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याला घाट म्हटले की नदीकाठच्या पायऱ्या दिसतात. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र चढ, वळणे, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी असा रस्ता उभा राहतो. तेलुगू मंडळींनी आपला अर्थ उचलून त्याला इंग्रजी शेपूट जोडले आणि ‘घाट रोड’ केला. ‘खिंड’ हा शब्द त्याहून अधिक करारी आहे. घाट चढायचा असतो, खिंड लढवायची असते. १६६० साली बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली आणि तेव्हापासून मराठी भाषेत अडचणीच्या जागी पाय रोवून उभ्या राहणाऱ्या कोणाही माणसासाठी, मग तो एखाद्या कचेरीतला कारकून का असेना, हा वाक्प्रचार राखून ठेवलेला आहे.

लडाखात गेल्यावर या दोन शब्दांच्या पंक्तीला तिसरा शब्द येऊन बसतो, तो म्हणजे ‘ला’. तिबेटी आणि लडाखी भाषांत ‘ला’ म्हणजेच खिंड. झोजी ला, फोटू ला, टांगलांग ला, खारदुंग ला. आपल्या कानाला ही चतुर्थीची विभक्ती वाटते. ‘आम्ही खारदुंग ला जाऊन आलो’ असे सांगितले की ऐकणारा मराठी माणूस मनातल्या मनात खारदुंग नावाचे एक गाव तयार करतो आणि आपण ‘खारदुंगला’ गेलो होतो असे धरून चालतो. योगायोग असा की खारदुंग नावाचे गाव खरोखरच तिथे आहे आणि या खिंडीला नाव त्याच्यावरूनच पडले आहे.

खिंडींशी आपला संबंध पुस्तकातला आणि इतिहासातला. प्रतिष्ठान म्हणजे पैठणहून निघणारा व्यापारी माल जुन्नरमार्गे नाणेघाट उतरून कल्याण बंदराकडे जाई. घाटाच्या माथ्यावरचा तो प्रसिद्ध दगडी रांजण आणि लेण्यातला नागनिकेचा लेख आजही सातवाहनांच्या वैभवाची साक्ष देतात. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी चढली. परंतु आपली, म्हणजे हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या मराठी घराण्यांची वाट यांपैकी कोणत्याच घाटातून गेलेली नाही. आपले पूर्वज औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीदर अशा पठारी मुलखातून सपाट वाटेने इकडे आले. आधी बैलगाडीने आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेस लोहमार्ग झाल्यावर आगगाडीने. सुलतान बाजार आणि काचीगुड्यात वाढलेल्या आमच्यासारख्या मुलांनी घाट पाहिला तो बहुधा लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर पुण्या-मुंबईस जाताना, खिडकीशी बसण्यासाठी भांडत.

आम्हांस खरा घाट भेटला तो सरकारी नोकरीत आणि तो भेटवला जीपने.

जीप या वाहनाचा इतिहास हैदराबादकरांना थोडा अधिक जवळचा वाटावा असा आहे. १९४५ साली महिंद्र बंधूंनी जी कंपनी काढली तिचे पहिले नाव ‘महिंद्र अँड मोहंमद’ असे होते. त्यातले मोहंमद म्हणजे मलिक गुलाम मोहंमद. हे गृहस्थ त्यापूर्वी निजाम सरकारचे अर्थमंत्री होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले आणि इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावातल्या मोहंमदाच्या जागी आणखी एक महिंद्र आला. याच कंपनीने अमेरिकेतल्या विलिस जीपचे सुटे भाग मुंबईत माझगावला जोडून गाड्या बाहेर काढण्यास सुरुवात केली. १९५२ साली समूहविकास योजना सुरू झाली आणि त्या जीपला देशभर एक नवी ओळख मिळाली. लढाईसाठी जन्मलेली गाडी गटविकास अधिकाऱ्याची गाडी झाली. खेड्यातल्या पोरांना सरकार म्हणजे काय असे विचारले असते, तर त्यांनी धुळीचा लोट उडवीत येणाऱ्या जीपकडेच बोट दाखवले असते.

नोकरीच्या पहिल्या दशकात आमची बदली आदिलाबाद जिल्ह्यात झाली. हैदराबादेतल्या स्नेह्यांनी सांत्वनाला यावे तसे घरी येऊन चहा घेतला. त्या काळी तो जिल्हा म्हणजे शिक्षाच समजली जाई. आम्हांस मात्र तिथे एक अनपेक्षित सुख मिळाले: बाजारात, बसस्थानकावर, कचेरीच्या व्हरांड्यात मराठी कानी पडे. गोंडी, तेलुगू, मराठी, दखनी अशा चार भाषांत अर्ज यायचे, निदान तोंडी. निर्मळहून आदिलाबादेकडे जाताना लागणारा महबूब घाट, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या नावाचा आणि उटनूरहून आसिफाबादेकडे जाताना लागणारा केरामेरी घाट हे आमचे पहिले घाट. उंचीने सह्याद्रीपुढे ते लहानच, पण पावसाळ्यात त्यांचा रुबाब कमी नसे. केरामेरीच्या आतल्या अंगाला, जिथे १९४० साली कुमरम भीम निजामाच्या शिपायांशी लढताना पडला त्या जोडेघाटच्या बाजूला, कित्येक पाड्यांना तेव्हा रस्ताच नव्हता. ओढे भरले की पाडे तुटत. तापाची साथ मात्र ओढ्याला न जुमानता पलीकडे पोहोचे.

आमचे जीपचालक हैदराबादच्या जुन्या शहरातले. वयाने वडील असल्याने आम्ही त्यांना मियाँसाहेब म्हणत असू आणि ते आम्हांस ‘साब’ म्हणून वर वागणूक मात्र धाकट्या भावाची देत. चार चाकांच्या शक्तीचे सारे शास्त्र आम्ही त्यांच्याकडून शिकलो. साध्या गाडीत इंजिनाचे बळ दोनच चाकांना मिळते. त्यातले एक चिखलात फिरू लागले की सगळे बळ त्या फुकट फिरणाऱ्या चाकाकडे वाहून जाते, कारण जिथे विरोध कमी तिथेच ते धावते. (सरकारी निधीचेही असेच असते, ही भर आमची.) चारही चाकांना बळ दिले की मागची रुतली तरी पुढची ओढतात. त्याखेरीज जीपला आणखी एक लहान दांडी असे. ती ओढली की गाडी अगदी मंद चाले, पण ओढ दुपटीहून अधिक वाढे. डांबरी सडकेवर मात्र ती चार चाकांची दांडी मियाँसाहेब कोणाला लावू देत नसत. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. मातीत ती घसरून हिशेब जुळवतात, कोरड्या सडकेवर तो हिशेब यंत्राच्या जिवावर उठतो. आणि उतारासाठी त्यांचा एकच मंत्र होता, “साब, उतरते बखत ब्रेक पे भरोसा नक्को. जिस गेर में चढे, उसी गेर में उतरो.” ब्रेक तापून निकामी होतो, खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरते, हे यंत्रशास्त्र त्यांनी एका ओळीत सांगितले होते.

एका श्रावणात त्या जीपने एका अडलेल्या बाईला केरामेरीचा घाट उतरवून आसिफाबादच्या दवाखान्यात नेले. वीस-बावीस मैलांना चार तास लागले. बाई वाचली, मूल वाचले. दुसऱ्या दिवशी मियाँसाहेबांनी जीप धुतली आणि इंधनवहीत ‘शासकीय कार्य’ असे लिहून आमच्यापुढे सहीला ठेवली. आम्ही आयुष्यात हजारो सह्या केल्या असतील. इतक्या निःशंक मनाने केलेल्या त्यांतल्या फार थोड्या.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, निवृत्तीनंतर पुतण्याने “काका, लडाखला गाडीने जाऊ या” असे म्हटले तेव्हा आमच्या मनात पहिला विचार आला तो हाच: जीप ही गरजेची वस्तू, तिच्याशी खेळायचे कसे? हल्ली चार चाकांच्या शक्तीच्या गाड्या हैदराबादेत कोंडापूर-गच्चीबावलीच्या सडकांवर रोज दिसतात आणि त्यांपैकी बहुतेकींना उभ्या आयुष्यात गतिरोधकाहून मोठा चढ भेटत नाही. पुतण्याची गाडी नाशिकला तयार झालेली, माझगावच्या त्या जीपचीच वंशज. ती पाहून मन विरघळले. सौ.ने तर आमच्याआधीच होकार देऊन टाकला होता.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही तिघे आणि आमचे एक निवृत्त अभियंता स्नेही मनालीमार्गे निघालो. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग खिंड चढावी लागत नाही. नऊ किलोमीटरचा तो बोगदा ओलांडला की माणूस हिरव्या कुलू खोऱ्यातून एकदम लाहौलच्या उघड्या डोंगरांत बाहेर पडतो. वैद्यांचा सल्ला घेऊन, मनालीस तीन आणि जिस्पा येथे दोन रात्री काढून, बारालाचा ला ही सुमारे ४,८५० मीटरची खिंड ओलांडून आम्ही सरचूला उतरलो. सरचूची उंची सुमारे ४,३०० मीटर. हैदराबाद समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास. येथे हवेचा दाब इतका उतरलेला असतो की तंबूची दोरी बांधली तरी धाप लागते.

त्या रात्री सौ.चे डोके दुखू लागले. हे तिथे बहुतेकांचे होते. मग उलट्या सुरू झाल्या. तेही पुष्कळांना होते. परंतु पहाटे तीनच्या सुमारास तंबूबाहेर जाताना तिचे पाऊल सरळ पडेना, दारू प्यालेल्या माणसासारखा तोल जाऊ लागला आणि अभियंता स्नेह्यांच्या व आमच्या नजरा एकमेकांना भेटल्या. उंचीच्या आजारात तोल जाणे ही धोक्याची घंटा. मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण असू शकते आणि तिच्यावर एकच खात्रीचा उपाय आहे, खाली उतरणे.

सरचूचा पेच असा की तेथून कोणत्याही दिशेने गेले तरी आधी चढावेच लागते. लेहकडे जायचे तर पुढे नकी ला, मग पाच हजार मीटरांवरची लाचुलुंग ला आणि शेवटी ५,३२८ मीटरांची टांगलांग ला, मधला मुक्कामही साडेचार हजारांवर. मागे फिरायचे तर एकच बारालाचा, साडेपाचशे मीटरांची चढण, आणि त्यानंतर सलग उतार. कागदावर हे गणित सोपे आहे. पहाटे तीन वाजता, थंडीत, कंदिलाच्या उजेडात, जिच्याशी संसार केला ती “एवढं लांब आलो आहोत, माझ्यासाठी परत फिरू नका. सकाळपर्यंत बरं वाटेल मला,” असे म्हणत असताना ते तितके सोपे राहत नाही. पुतण्याने या प्रवासासाठी दोन वर्षे पैसे साठवले होते. त्याने काही न बोलता गाडी सुरू केली, काकूला पुढच्या आसनावर बसवले, प्राणवायूची नळकांडी तिच्या हाती दिली आणि गाडीचे तोंड मागे वळवले.

पहाटेची वेळ आमच्या पथ्यावर पडली. दुपारी उन्हाने बर्फ वितळून रस्त्यावर उतरणारे नाले फुगतात, पहाटे ते थिजलेले असतात. आदल्या दिवशी ज्या प्रवाहात चाकाचा अर्धा भाग बुडाला होता तो आता घोट्याएवढाच होता, मात्र खालचे दगड बर्फाने निसरडे झालेले. पुतण्याने ती लहान दांडी ओढली आणि गाडी माणसाच्या चालीने, एकेक दगड चाचपत पुढे सरकली. खिंडीच्या माथ्यावर थांबलो नाही. सूरज तालचे पाणी अंधारात करडे दिसले तेवढेच. तिथून पुढे उतार. आम्ही इतकेच म्हणालो, “ब्रेकवर भरवसा नको, गिअरवर उतर.” दारच्यास पोहोचेपर्यंत सौ.ने पाणी मागितले, केलाँगच्या दवाखान्यात ती स्वतःच्या पायांनी आत गेली आणि संध्याकाळी तिने डाळभात खाल्ला. हजार-बाराशे मीटर खाली येण्यात किती औषध भरलेले असते ते त्या दिवशी पाहिले.

घरी आल्यावर वर्षभर डोंगराचा विषय निघाला की सौ. उठून स्वयंपाकघरात जाई. आपल्यामुळे पोराचा प्रवास मोडला, हे शल्य तिला होते. परत फिरण्याचा निर्णय योग्य होता हे तिलाही मान्य होते, परंतु शल्य मान्य-अमान्यतेने जात नाही. शेवटी २०२३ च्या उन्हाळ्यात तिनेच नकाशा टेबलावर पसरला आणि विचारले, “दुसरी वाट नाही का, हळूहळू चढणारी?”

वाट होती, आणि ती आपल्या दारावरून जाते. राष्ट्रीय महामार्ग ४४ हा कन्याकुमारीहून हैदराबाद, निर्मळ, आदिलाबाद, नागपूर, दिल्ली असा थेट श्रीनगरपर्यंत पोहोचतो. ज्या सडकेवर आम्ही नोकरीतली वर्षे धूळ खाल्ली तीच सडक न सोडता दोन हजारांहून अधिक किलोमीटर उत्तरेकडे जात राहायचे, एवढेच. श्रीनगर १,५८५ मीटर, सोनमर्ग २,७०० च्या वर, झोजी ला ३,५२८, मग द्रास आणि २,७०० मीटरांखालचे कारगिल, पुढे नामिका ला, ४,१०८ मीटरांची फोटू ला आणि लेह ३,५००. ही वाट माणसाला वर चढवते, खाली उतरवून निजवते आणि मग पुन्हा चढवते. शरीराला उंचीची सवय व्हायला नेमके हेच हवे असते. त्या सप्टेंबरात आम्ही चौघे तसेच निघालो.

झोजी ला उंचीने या साऱ्यांत धाकटी, पण धाक तिचाच मोठा. अरुंद, ठिसूळ, पावसात चिखल आणि कोरड्यात धुरळा. येथे १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या नेतृत्वाखाली सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे वर चढवले गेले, तेव्हा समोरच्या सैन्याला ते रणगाडेच आहेत हे खरे वाटेना. हैदराबादची पोलीस कारवाई संपून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. रणगाड्यांसाठी बालतालहून वर जाणारी खेचरांची वाट रुंद केली ती मद्रास सॅपर्सच्या जवानांनी. त्याच वर्षीच्या एप्रिलात नौशेरा-राजौरी मार्गावर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारकडचे, रणगाड्याखालून सरपटत सुरुंग चुकवीत आणि रस्ता मोकळा करीत गेले होते. त्यांना परमवीरचक्र मिळाले. लढणाऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी राहतात, रस्ता करणाऱ्यांची राहत नाहीत. आज या डोंगरांतले रस्ते १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना राखते. कडेला डांबर तापवणारे, खडी फोडणारे मजूर झारखंड-बिहारकडून आलेले असतात. तोंडाला फडके बांधून, ज्या हवेत आम्हांस बसल्याजागी धाप लागत होती तिथे ते घमेली वाहत होते. गाडी चालवून शौर्य केल्याचा आव आणणाऱ्याने एकदा त्यांच्याकडे पाहावे.

लेहला तीन रात्री विसावा घेऊन खारदुंग ला चढलो. हा रस्ता १९७६ साली बांधला गेला आणि १९८८ पासून सर्वसामान्य वाहनांना मोकळा झाला. वरच्या फलकावर पुष्कळ वर्षे १८,३८० फूट उंची आणि ‘जगातील सर्वांत उंच मोटाररस्ता’ असा दावा रंगवलेला असे. उपग्रहाच्या मोजणीने ती ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते आणि लडाखातल्याच उमलिंग ला येथे तिच्याहून बराच उंच रस्ता झाला आहे. आम्हांस त्या आठशे फुटांचे दुःख झाले नाही. सौ. गाडीतून उतरली, वाऱ्यात फडफडणाऱ्या पताकांखाली दहा मिनिटे उभी राहिली आणि पुतण्याला म्हणाली, “झालं बाबा तुझं कर्ज फेडून.” तो काही तरी बोलणार होता, पण त्याच्या डोळ्यांत धूळ गेली असावी.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. पँगाँगच्या वाटेवर आणि चांगथांगच्या पठारावर रस्ता सोडून उठलेले चाकांचे ठसे जागोजाग दिसतात. कोरड्या थंडीत तिथले खुरटे गवत इंचाइंचाने वाढते आणि त्यावर चांगपा धनगरांच्या पश्मीना शेळ्या जगतात. एका हौशी गाडीने काढलेली नक्षी वर्षानुवर्षे बुजत नाही. काही जण तर छायाचित्रासाठी गाडी तलावात घालतात. चार चाकांची शक्ती जिथे वाट नाही तिथे जाण्यासाठी दिलेली आहे हे खरे, पण तिथे जाण्याचे कारणही हवे. केरामेरीच्या ओढ्यात जीप घातली तेव्हा आत एक बाई कळा देत होती. पुतण्याने हे आमच्याआधी ओळखले. त्याने साऱ्या प्रवासात डांबर किंवा मळलेली वाट सोडली नाही.

डोंगरी रस्त्याचा एक जुना नियम आहे, आणि तो आपल्या मोटारवाहन नियमांतही आहे: जिथे दोन गाड्यांना जागा पुरत नाही तिथे उतरणाऱ्याने थांबावे, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. चढणारी गाडी एकदा थांबली की तिला पुन्हा जोर धरणे कठीण जाते. झोजी ला उतरताना आम्ही कित्येकदा कड्याला चिकटून उभे राहिलो आणि खालून हुंदडत येणाऱ्या मालगाड्यांना वाट दिली. प्रत्येक चालक जाताना हात वर करी. आमच्या वयाच्या वाचकांना याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही. घरात, संस्थेत, समाजात आपण आता उतरणीला लागलो आहोत. गिअरवर उतरावे, आणि अरुंद जागी गाडी कडेला घेऊन चढणाऱ्यांना पुढे जाऊ द्यावे. त्यांचा वर आलेला हात आपल्या वाट्याला येतोच.